विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर नवा गेम का अडखळतो? दोष लॅपटॉपच्या वयाचा की कंपन्यांच्या घाईचा?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. सोनीच्या प्लेस्टेशन ४वर तो इतका अडखळत होता, की महिना संपण्याआधीच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो तेथे परतला थेट जून २०२१मध्ये. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ या हातात धरून खेळायच्या यंत्रावर मात्र हाच गेम बऱ्यापैकी चालू लागला. या यंत्राची चित्रे रंगवण्याची क्षमता कागदावर प्लेस्टेशन ४पेक्षा किंचित कमीच आहे. मग फरक कशाने पडला? या प्रश्नाच्या उत्तरात घरोघरच्या जुन्या लॅपटॉपचेही भवितव्य दडलेले आहे. गेम अडखळला की ‘लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो बऱ्याचदा घाईचा असतो.

‘जड’ गेम म्हणजे नेमके काय?

पडद्यावर दिसणारी हालचाल म्हणजे एकामागून एक झपाट्याने दाखवलेली स्थिरचित्रे, अर्थात फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेम तयार करायला लॅपटॉपला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमवर समाधान मानले तर हा अवधी ३३.३ मिलिसेकंद होतो. एवढ्या वेळात प्रोसेसरने रस्त्यावरच्या माणसांनी आणि गाड्यांनी काय करायचे हे ठरवायचे, ग्राफिक्स चिपने सावल्या, प्रतिबिंबे, प्रकाश रंगवायचा आणि डिस्कवरून पुढच्या रस्त्याचे तपशील आणून ठेवायचे. यातला एक जरी मागे पडला, तरी बाकीचे थांबून राहतात.

म्हणूनच ‘सरासरी ४५ फ्रेम मिळतात’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. बाकीच्या सगळ्या फ्रेम वेळेत आल्या आणि मध्येच एका फ्रेमला अर्धा सेकंद लागला, तर सरासरी फारशी ढळत नाही. पण खेळणाऱ्याला झटका बसतो. जुन्या लॅपटॉपवर खरा त्रास कमी फ्रेमपेक्षा अशा झटक्यांचा असतो आणि त्यांचे कारण पुष्कळदा ग्राफिक्स चिप नसतेच.

वय वाढले म्हणून लॅपटॉप मंदावतो का?

चिप म्हातारी होत नाही. सात वर्षांपूर्वी जितकी गणिते ती सेकंदाला करत होती, तितकीच आजही करू शकते. बदलते ती उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था. पंख्याच्या मागे धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते. तिच्यावर धूळ साचून नमद्यासारखा थर बसतो. चिप आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. उष्णता अडकते. लॅपटॉपमधले बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात.

याची खूण सोपी आहे. गेम पहिली दहा-पंधरा मिनिटे नीट चालतो, मग पंखा विमानासारखा घोंघावू लागतो आणि फ्रेम कोसळतात. लॅपटॉप खरोखरच अशक्त असता तर तो पहिल्या मिनिटापासून अडखळला असता. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीतली हवाच चाळीस अंशांकडे झुकलेली असते. चिप थंड करायला तीच हवा वापरली जाते, त्यामुळे जानेवारीत चालणारा गेम मेमध्ये का रखडतो याचे उत्तर गेममध्ये शोधण्यात अर्थ नाही. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळणे म्हणजे तर त्याचे नाक दाबून त्याला पळायला लावणे. बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने हवा ओढतात.

उपाय स्वस्त आहे. पंखा आणि जाळी साफ करून नवी पेस्ट लावण्याचे काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत कोणताही जाणकार दुरुस्तीवाला करून देतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य असतो. तरीही दुकानात गेल्यावर आधी नवे मॉडेल दाखवले जाते, पंखा उघडून पाहिला जात नाही. ग्राहकाने निदान तेवढा आग्रह धरायला हवा.

मेमरी आणि हार्ड डिस्क कुठे अडवतात?

सात-आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि फिरत्या चकतीची १ टीबी हार्ड डिस्क हा नेहमीचा जोड होता. विंडोज आणि ब्राउझरमधल्या चार टॅब यांनीच त्यातली निम्मी रॅम व्यापलेली असते. गेमला जागा अपुरी पडली की विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. फिरत्या चकतीला हव्या त्या जागी पोहोचायलाच दहाहून अधिक मिलिसेकंद लागू शकतात. एका फ्रेमचा अवधी १६.७ मिलिसेकंद असताना हा विलंब किती महागडा आहे, हे वेगळे सांगायला नको. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हाच वेळ मिलिसेकंदाच्याही अंशावर येतो.

प्लेस्टेशन ४ आणि स्टीम डेक यांच्यातला फरक येथे उलगडतो. पहिल्यात ८ जीबी मेमरी आणि फिरती चकती होती, दुसऱ्यात १६ जीबी मेमरी, फ्लॅश साठवण आणि बराच नवा प्रोसेसर आहे. रंगकाम करणारा हात जवळपास तेवढाच, पण त्याला रंग वेळेवर पोहोचवणारी यंत्रणा सुधारली. शिवाय मधल्या काळात कंपनीने गेमच्या असंख्य चुका दुरुस्त केल्या आणि स्टीम डेकसाठी स्वतंत्र सेटिंगही दिले.

लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप बहुधा मुख्य बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती बदलता येत नाही. रॅम आणि डिस्क मात्र जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा बदलता येतात. रॅमची एकच पट्टी असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी बसवल्यावर दोन मार्गांनी माहिती वाहू लागते. वेगळी ग्राफिक्स चिप नसलेल्या लॅपटॉपमध्ये याचा फायदा आणखी ठळक जाणवतो, कारण तेथे चित्रांचे कामही याच रॅममधून चालते. एक अडचण मात्र आहे. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरकडून प्रचंड मागणी आल्याने रॅम आणि एसएसडी दोन्ही महागले आहेत. त्यामुळे पैसे बेताचे असतील तर लॅपटॉपला आधी कशाची वाण आहे, ते पाहून खर्च करावा. अजून फिरती चकती असेल तर पहिला मान एसएसडीचा. घरातला एकच लॅपटॉप मुलांचा अभ्यास, वडिलांचे हिशेब आणि गेम असे सगळे ओढत असेल, तर एसएसडीचा लाभ तिघांनाही होतो.

नुसती सेटिंग बदलून किती फरक पडतो?

सर्वात मोठा फरक रिझोल्युशनचा. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये रंगवायचे. १२८० गुणिले ७२० केले की हा आकडा ९ लाख २१ हजारांवर येतो, म्हणजे काम निम्म्याहूनही कमी. चित्र पुसट दिसू नये यासाठी अपस्केलिंग मदतीला येते. गेम लहान चित्र रंगवतो आणि ते हुशारीने मोठे केले जाते. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स मालिकेचेच कार्ड लागते; पण एएमडीने जून २०२१मध्ये आणलेले एफएसआर जुन्या आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्याही कार्डांवर चालते. जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांवर हा मोठाच उपकार म्हणायचा.

त्याखालोखाल सावल्या आणि पाण्यावरची, काचेवरची प्रतिबिंबे. ही कमी केली तरी खेळताना फारसे बिघडत नाही. ‘सायबरपंक’मध्ये रस्त्यावरच्या गर्दीचे प्रमाण कमी करण्याची सोय आहे, तिने प्रोसेसरचा भार हलका होतो. टेक्स्चरचा दर्जा मात्र ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या मेमरीवर अवलंबून असतो. ती ४ जीबी असताना दर्जा सर्वोच्च ठेवला तर झटके ठरलेलेच.

आणखी तीन साध्या गोष्टी अनेकांच्या ध्यानात येत नाहीत. एक, चार्जर न लावता खेळले तर लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी वेग मुद्दाम कमी ठेवतो. दोन, दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये गेम कधी कधी चुकून दुबळ्या चिपवर चालतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स या भागात जाऊन त्या गेमसाठी जोरकस चिप निवडावी लागते. तीन, फ्रेम ३०वर बांधून ठेवल्या तर कधी ५०, कधी २० अशी ओढाताण थांबते आणि उष्णताही आटोक्यात राहते. सलग ३० फ्रेम डोळ्यांना धावत्या-अडखळत्या ४५पेक्षा सुखावह वाटतात. याउलट एका क्लिकमध्ये वेग दुप्पट करण्याचे आश्वासन देणारी ‘बूस्टर’ ॲप बहुधा मागे चाललेले दोन-चार प्रोग्रॅम बंद करण्यापलीकडे काही करत नाहीत, उलट स्वतःच थोडी मेमरी अडवतात.

काही गेम कोणत्याच उपायाने का चालत नाहीत?

काही अडथळे वेगाचे नसतात, तर क्षमतेच्या अभावाचे असतात. डिसेंबर २०२४मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५मधला ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमना प्रकाशकिरणांचे गणित करणारी स्वतंत्र यंत्रणा ग्राफिक्स चिपमध्येच असावी लागते. जीटीएक्स १०५० किंवा १०६० असलेल्या लॅपटॉपमध्ये ती नाही. तेथे ना एसएसडी कामी येते, ना कमी रिझोल्युशन.

दुसरा अडथळा पाठबळ संपण्याचा. विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११साठी टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य लॅपटॉप अधिकृतपणे वंचित राहिले. त्याच महिन्यापासून एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेतल्या कार्डांसाठी नव्या गेमना जुळणारे ड्रायव्हर देणे थांबवले. यापुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट मिळतील. जुने गेम यामुळे बंद पडणार नाहीत, पण नव्या गेममध्ये काही बिघडले तर दाद मागायला जागा उरणार नाही.

मात्र ‘अशक्य’ ही पाटीही प्रत्येक वेळी खरी नसते. फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा ‘ॲलन वेक २’ ऑक्टोबर २०२३मध्ये आला, तेव्हा त्याला ग्राफिक्स चिपमधली मेश शेडर ही नवी सोय हवी होती. जीटीएक्स १० मालिकेत ती नसल्याने तेथे गेम रांगत होता. मार्च २०२४मध्ये कंपनीने एक अपडेट दिले आणि त्याच कार्डांवर तो लक्षणीय सुधारला. कार्ड तेच होते, वय पाच महिन्यांनी वाढले होते. बदलली होती ती कंपनीने त्यासाठी घेतलेली मेहनत.

‘किमान गरजां’ची यादी किती प्रामाणिक असते?

वादाचा खरा मुद्दा येथे आहे. गेमच्या पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस’ अशा दोन याद्या असतात. किमान म्हणजे कोणत्या रिझोल्युशनला, किती फ्रेमने, अपस्केलिंगसह की त्याविना, हे अनेक कंपन्या सांगतच नाहीत. यादीतले कार्ड बहुधा डेस्कटॉपचे असते. लॅपटॉपमधल्या त्याच किंवा मिळत्याजुळत्या नावाच्या चिपला वीज कमी मिळते आणि ती थंड ठेवायला जागाही अपुरी असते, हे ग्राहकाला कोण सांगणार? फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने निदान तपशील उघड केला, पण त्यातून जे दिसले ते अधिक बोलके होते. शिफारस केलेल्या कार्डावर ६० फ्रेम मिळतील असे म्हणताना त्यात फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेली कृत्रिम फ्रेम, गृहीत धरली होती. दुबळ्या यंत्राला आधार म्हणून आलेली कुबडी आता धडधाकट यंत्राच्या मोजमापातच धरली जाऊ लागली आहे.

‘सायबरपंक’चे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. २०२०मध्ये त्याची किमान गरज ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क अशी होती. २०२३मध्ये २.० आवृत्तीच्या वेळी ती १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० कार्ड आणि एसएसडी अशी झाली. कंपनीने हे काही महिने आधी जाहीर केले, रिझोल्युशन आणि फ्रेमचे आकडेही दिले, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. पण पैसे मोजून गेम घेतलेल्या ग्राहकाच्या लॅपटॉपला घरबसल्या ‘अपात्र’ ठरवले गेले, हेही खरेच.

कंपन्यांचे म्हणणे पूर्णपणे टाकाऊ नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांत एसएसडी आली. फिरत्या चकतीसाठी गेमचे जग तुकड्यातुकड्यांत बांधावे लागत होते, त्या बेड्या सुटल्या. प्रत्येक जुन्या यंत्रासाठी वेगळी मेहनत घ्यायला पैसा आणि वेळ लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या चिपने साऱ्या जगाला रोखून धरावे, असे कोणी म्हणणार नाही. पण नव्या कल्पनेसाठी नवी क्षमता मागणे वेगळे आणि गेम घाईने बाजारात आणून राहिलेल्या कामाचा भार ग्राहकाच्या खिशावर टाकणे वेगळे. ‘सायबरपंक’ची पहिली आवृत्ती दुसऱ्या प्रकारात मोडत होती. कंपनीने पुढे जे सुधारले, ते सुधारता येण्यासारखे होते, याचा तो पुरावा.

मग ग्राहकाने काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी लॅपटॉप साफ करून घ्यावा आणि टणक पृष्ठभागावर, चार्जर लावून खेळून पाहावे. मग सेटिंग उतरवावीत. त्यानंतरच एसएसडी किंवा रॅमचा विचार करावा आणि आपल्या मॉडेलमध्ये ती बदलता येते का, हे आधी पाहावे. स्टीमवर गेम घेतल्यास खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागता येतात. हे दोन तास म्हणजे ग्राहकाच्या हातातली खरी ‘किमान गरजां’ची चाचणी. पहिल्याच दिवशी गेम घेण्याचा मोह आवरला तर वर्षभराने तोच गेम अधिक दुरुस्त आणि बहुधा स्वस्त मिळतो. जुन्या लॅपटॉपवाल्याइतका या धीराचा फायदा कोणालाच होत नाही.

क्लाउड गेमिंगचा पर्यायही सांगितला जातो. त्यात गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि लॅपटॉपवर फक्त चित्र येते. चांगले फायबर कनेक्शन असेल तर हा मार्ग उपयोगी आहे. पण कळ दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा विलंब नेटवर्कच्या हाती राहतो आणि दरमहा शुल्क भरावे लागते. आणि स्वतंत्र किरणयंत्रणा मागणारेच गेम खेळायचे असतील, तर जुन्या लॅपटॉपवर आणखी पैसे घालणे व्यर्थ आहे, हेही वेळीच मान्य केलेले बरे.

यापुढे काय व्हायला हवे?

भारतात १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये पोर्टलही सुरू केले. पण चालता लॅपटॉप कचरा कधी ठरतो, याचा निर्णय आज प्रत्यक्षात सॉफ्टवेअर आणि गेम कंपन्या घेतात. त्या निर्णयाची किंमत मात्र हप्ते फेडून लॅपटॉप घेणारे कुटुंब मोजते. म्हणून मागणी मोठी नाही, पण नेमकी असावी. किमान गरजांच्या यादीत रिझोल्युशन, फ्रेम आणि अपस्केलिंगचा वापर स्पष्ट लिहावा. लॅपटॉपच्या चिपचा वेगळा उल्लेख करावा. खरेदीआधी यंत्राची परीक्षा घेता येईल असा छोटा मोफत भाग द्यावा. गरजा वाढवायच्याच असतील तर आधी पैसे मोजलेल्या ग्राहकासाठी जुनी आवृत्ती चालू ठेवावी.

औषधाच्या पाकिटावर मात्रा आणि तेलाच्या पिशवीवर वजन लिहिणे विक्रेत्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. काही हजारांचा गेम विकणाऱ्यांकडून आणि त्यामागे लाखाच्या घरातला लॅपटॉप सुचवणाऱ्यांकडून एवढ्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये. तोवर ‘लॅपटॉप जुना झाला’ असे कोणी म्हटले, तर पाकीट उघडण्यापूर्वी लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून पाहणे शहाणपणाचे.